तीन नंबरच्या टेबलावरचं सूप

ता. ३, सोमवार

आजपासून पुन्हा नोंदी. अन्न निरीक्षक म्हणून नोकरीत होतो तोवर दिवसभरात उघडलेली हॉटेलांची मागची दारं संध्याकाळी लिहून काढायची सवय होती. निवृत्त झालो आणि तपासायला स्वतःचंच स्वयंपाकघर उरलं. बायको गेल्यावर त्यातही तपासण्यासारखं काही राहिलं नाही.

दुपारी राजधानीत लेकीकडे पोचलो. चाळिशी उलटली तरी घरात ती ठमीच. तिचं म्हणणं, बाबा, आता एकटे राहू नका, कायमचे इकडे या. माझं म्हणणं, आधी पंधरा दिवस राहून बघतो. तिकडचा माझा फ्लॅट साडूंना त्यांच्या मुलासाठी हवाय, आणि त्यांना या पंधरवड्यात हो की नाही ते सांगायचंय. एकदा फ्लॅट दिला की परतीची वाट बंद. म्हणून तपासणी नीट व्हायला हवी.

पहिलीच गोष्ट गैरसोयीची घडली. ठमीने माझी बॅग उघडली आणि मिठाची डबी काढली. औषधाच्या रिकाम्या डबीत भरून, वर 'जेवणानंतर' असं लिहून आणली होती. तिने झाकण उघडून बोट बुडवलं, चाटलं आणि डबी आपल्या खिशात टाकली.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"कमी कर म्हणालेत. बंद कर नाही म्हणाले."

"बंदच म्हणालेत. फोनवर मीच बोललेय त्यांच्याशी."

रात्रीचं जेवण अळणी. तिने पातेली मात्र दोन केली होती, स्वतःचं वेगळं, माझं वेगळं. एका माणसासाठी एवढा व्याप कशाला, असं विचारलं तर म्हणाली, सवय आहे.

ता. ४, मंगळवार

ठमी उजाडायच्या आत निघून गेली. इथल्या मोठ्या संग्रहालयात ती जतन विभागात आहे. जुन्या वस्तू टिकवायचं काम. त्यात आता मीही आलो, असं काल म्हणालो तर हसली नाही. जतन विभागाला एवढ्या पहाटे काय काम असतं कोण जाणे. थंड हवेत वस्तू कमी खराब होत असतील.

जाताना मेजावर पास ठेवला होता. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला शहरातली सगळी संग्रहालयं मोकळी. सोबत चिठ्ठी: 'कुठेही जा. फक्त मोठ्या संग्रहालयात जेवू नका. तिथलं कॅन्टीन भिकार आहे.'

संग्रहालयांशी माझं देणंघेणं नाही. पण प्रत्येकात उपाहारगृह असतं आणि त्यात मीठ असतं, एवढं कळायला डोकं लागत नाही. पास खिशात टाकून निघालो.

आज रेल्वेचं संग्रहालय. उपाहारगृह आगगाडीच्या जुन्या भोजनडब्यात थाटलंय, त्यामुळे लोक हुरळतात आणि ताटात काय आहे ते बघत नाहीत. ऑम्लेट चामड्यासारखं. टेबल ज्या फडक्याने पुसलं त्यानेच बाईंनी कप पुसला. मीठ भरपूर. पुन्हा जेवीन का? नाही. मीठ मिळालं म्हणून काय वाट्टेल ते खाणार नाही.

ता. ६, गुरुवार

प्राण्यांचं संग्रहालय. सांगाडे छान मांडलेत, पण उपाहारगृहाची वाट त्यांच्यामधून जाते. देवमाशाच्या बरगड्या मोजून आलेल्या माणसाला पुढ्यात भाजलेली कोंबडी ठेवायची, ही कुणाची अक्कल? मी बाहेर पडून समोरच्या गल्लीत एका टपरीवजा ठिकाणी उकडलेले बटाटे खाल्ले. वरून मीठ भुरभुरलेलं. डोळे मिटले गेले, हे खरं लिहायला हवं. पुन्हा जेवीन का? हो, पण उभ्याने खावं लागतं आणि गुडघे ऐकत नाहीत.

इतकं मात्र कळलं की संग्रहालय बघायला आलेल्या माणसाने आधी जेवावं आणि मग बघावं. बघून थकलेला माणूस काहीही खातो, आणि हे उपाहारगृहवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

संध्याकाळी ठमीच्या हातावर मनगटाच्या वर भाजल्याचा लांबट डाग दिसला. विचारलं. "केमिकल," म्हणाली. तव्याच्या किंवा ओव्हनच्या कडेचे असे डाग मी शेकडो पाहिलेत, त्यामुळे मला तो ओळखीचा वाटला. केमिकलचाही तसाच पडत असणार. हातमोजे घालायला सांगितलं.

तिचे बूटही पाहिले. रबरी तळवे, ओल्या फरशीवर न घसरणारे. त्यांच्या विभागात बहुतेक वस्तू धुतात.

ता. ९, रविवार

ठमी घरी. दुपारी कांदा चिरायला घेतला आणि मी पेपर खाली ठेवून बघत बसलो. सुरी पाटावरून उचलतच नव्हती. बोटांची टोकं आत वळवलेली, पेरांना टेकून पातं खाली. मी म्हटलं, "हे कुठे शिकलीस? तुझी आई तर विळीवर चिरायची, आणि तेही डोळे पुसत पुसत."

"येतं आपोआप."

"येत नाही आपोआप. तीस वर्षं पाहिलीत मी स्वयंपाकघरं."

तिचा हात किंचित थांबला. मग म्हणाली, "बाबा, त्यात वाईट काय असतं हो? स्वयंपाकघरात काम करण्यात?"

हा प्रश्न तिने कॉलेजात असतानाही विचारला होता. केक करायचे शिकते, दुकान काढते, असं काहीतरी खूळ होतं. तेव्हा जे सांगितलं तेच आज सांगितलं. स्वयंपाकघर पुढच्या दाराने पाहणाऱ्याला छान वाटतं. मी मागच्या दाराने पाहिलंय. उष्टी, वाफ, शिव्या, आणि माझ्यासारखा कुणीतरी येऊन सगळ्यांसमोर पाणउतारा करून जातो. माझ्या मुलीवर ती पाळी येऊ नये म्हणून तिला शिकवलं, आणि आज ती संग्रहालयात विभागात बसते. यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तिने कांदा कढईत टाकला. एवढंच म्हणाली, "बसत नाही. उभी असते."

रात्री साडूंचा फोन. "काय ठरतंय? का लेकीच्या हातचं खाऊन विसरलात आम्हाला?" म्हटलं, लेकीच्या हातचं अळणी आहे, त्यामुळे निर्णय लांबलाय. ते खो खो हसले. मी गंमत केली नव्हती.

शेजारच्या खोलीत ठमीने ऐकलं असावं. नंतर विचारायला आली, "खरंच जमत नाहीये का तुम्हाला इथे?" मी म्हटलं, पाहू. तिने दिवा मालवला.

ता. ११, मंगळवार

मोठ्या संग्रहालयात गेलो. जिथे जाऊ नका म्हणतात तिथेच आधी जायचं, हा धंद्याचा पहिला नियम. भिकार म्हणजे किती भिकार ते कळायला नको?

घड्याळांच्या दालनात कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक पहारेकरीण बसली होती. माझ्याहून थोडी लहान, पायात लोकरीचे मोजे. तिला विचारलं, "इथे खायला कुठे बरं?"

"खाली तळघरात. आणि दुसरीकडे कुठे जाऊ नका काका. हल्ली त्यांचं सूप इतकं झकास असतं की मी डबा आणायचा सोडला."

म्हणजे ठमीची माहिती जुनी. विभागातले लोक वरच्या मजल्यावर असतात, त्यांना तळघरातलं काय ठाऊक.

तळघर नीटनेटकं. फरशी कोरडी. भिंतीत एक खिडकी, तिच्यातून आतून ताटल्या बाहेर येतात. तिच्यासमोरचं तीन नंबरचं टेबल धरलं, म्हणजे आतलंही दिसेल. आतल्या बायकांच्या फक्त टोप्या आणि हात दिसले. सूप मागवलं. वास पहिल्या प्रतीचा. भाज्या एकसारख्या चिरलेल्या, पाव ताजा. पहिला घोट घेतला आणि थांबलो. मीठ नाही. कमी नाही, अजिबात नाही.

शेजारच्या टेबलावर पहारेकरीण येऊन बसली होती. तिला विचारलं. "माझं मस्त आहे," ती म्हणाली.

हे मात्र गंभीर. एकाच पातेल्यातल्या दोन वाडग्यांना दोन चवी, यापेक्षा मोठा दोष स्वयंपाकघरात नसतो. याचा अर्थ ढवळलं जात नाही, किंवा कुणाचं लक्ष नाही. मॅनेजरला बोलावलं. गळ्यात टाय, चेहरा घाबरा. त्याला मी माझा हुद्दा सांगितला. निवृत्त हा शब्द जरा हळू म्हणालो. तो आत गेला. त्याचा चढलेला आवाज ऐकू आला, पण उत्तराचा आवाज आला नाही. मग दुसरं सूप आलं. तेही अळणी.

पुन्हा जेवीन का? पुनर्तपासणीपुरतं.

ठमी उशिरा आली. बूट न काढताच बसून राहिली.

"आज कुठे गेला होतात बाबा?"

मोठ्या संग्रहालयाचं नाव घेतलं असतं तर बोलणी बसली असती. "कापडांच्या संग्रहालयात," म्हणालो.

"जेवण कसं होतं?"

"ठीक."

"मीठ?"

"बेताचं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं की रडू, ते मला सांगता येणार नाही. जेवली नाही. तिच्यावर कुणीतरी वरिष्ठ डाफरला असावा. सरकारी कचेऱ्यांत हे चालायचंच.

ता. १२, बुधवार

पुनर्तपासणी. तेच टेबल. वरणासारखं दाट मसुराचं सूप, वास कालच्यापेक्षा सरस, मीठ नाही. वर मिठाची बाटलीही नाही. बाकीच्या टेबलांवर होती, माझ्या टेबलावरची तेवढी उचललेली. याला मी उद्धटपणा म्हणतो. तक्रार केली म्हणून स्वयंपाकीण सूड घेतेय, एवढं उघड होतं. अशी माणसं पाहिलीत मी.

मॅनेजरला स्पष्ट सांगितलं की जिच्या हाताखाली हे चाललंय तिला तिथे ठेवू नये.

तो घाम पुसत म्हणाला, "साहेब, आमच्या बाईंविरुद्ध आजवर एकही तक्रार नव्हती. लोक मुद्दाम जेवायला येतात हो, वर न जाता परस्पर निघून जातात. पण तुमच्या दोन झाल्या. तिसरी झाली तर मला वर कळवावं लागेल, आणि त्या अजून कायम नाहीत."

"मग कळवा," म्हणालो. नियम तो नियम.

फक्त एक गोष्ट नोंदवून ठेवतो. सूप मी संपवलं. अळणी असून संपवलं. पाव फिरवून वाडगा पुसला, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

ता. १३, गुरुवार

पाऊलभरही बाहेर पडलो नाही. गुडघा.

संध्याकाळी ठमीने विचारलं, "बाबा, समजा माझं काम गेलं तर? तरी राहाल माझ्याकडे?"

"काम कशाने जाईल? कायमची नोकरी आहे तुझी."

"समजा."

"समजा काय? विभागात कुणाशी भांडलीस का?"

"विभाग..." म्हणाली आणि पुढचं गिळलं. मग माझ्या पायाला शेक द्यायला पाणी गरम करून आणलं. तापलेलं भांडं उघड्या हातांनी उचललं, फडकं न घेता. मी ओरडलो. म्हणाली, "एवढं लागत नाही आता."

मला तिची काळजी वाटते. काय लपवतेय कळत नाही. माणसाचं मन काही मागच्या दाराने आत शिरून तपासता येत नाही.

साडूंचा पुन्हा फोन. उद्या संध्याकाळी सांगतो म्हटलं. मनातून उत्तर ठरत आलं होतं. मी तिथे, ती इथे. तिच्या मनात काहीतरी आहे आणि मी त्यात अडचण होतोय. उद्या तळघरातलं ते प्रकरण संपवायचं आणि परवाचं तिकीट काढायचं.

ता. १४, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

तिसरी तक्रार करायच्या तयारीने गेलो. तीन नंबरचं टेबल. सूप आलं, अळणी. या वेळी पुरावा हवा म्हणून शेजारी बसलेल्या पहारेकरणीला म्हटलं, "बाई, तुमच्या वाडग्यातला एक चमचा घेऊ? नमुना म्हणून."

तिने वाडगा पुढे सरकवला. मी कोरडा चमचा बुडवला. तेच सूप. त्याच भाज्या, तीच दाटी, आणि मीठ जिथे हवं तिथे. इतकं चांगलं सूप मी नोकरीत असताना कुठल्याही हॉटेलात चाखलं नव्हतं, बायकोची क्षमा मागून लिहितो, घरीही नाही. मी मॅनेजरला खूण करायला हात वर केला.

पहारेकरणीने तो हात धरून खाली घेतला.

"काका, पुरे करा आता. तुमचं वेगळ्या पातेल्यात होतं."

"वेगळ्या का?"

"डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना तुमचं? आत सगळ्यांना ताकीद आहे. पांढऱ्या केसांचे, चष्मा दोरीला बांधलेले गृहस्थ आले की हातातलं सोडून आधी त्यांचं द्यायचं, आणि टेबलावरचं मीठ उचलायचं. मला आजच सांगितलं आतल्या मुलींनी. तुम्ही यायच्या आधीपासून, मागच्या आठवड्याच्या मंगळवारपासून रोज ते छोटं पातेलं चढतंय. कुणी आलं नाही की बाई स्वतः खायच्या. म्हणायच्या, बाबांना नको म्हटलं की ते तिकडेच जातात. येतील."

मी खिडकीकडे बघितलं. टोप्या आणि हात. एका हातावर मनगटाच्या वर लांबट डाग.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा रोज पहाटे माझ्याच डोळ्यांसमोरून दार लावून निघून जात होता आणि मी शहरभर मीठ शोधत होतो. डाग पाहिला, बूट पाहिले, सुरी पाहिली. सगळं पाहिलं आणि एकाचाही अर्थ लावला नाही. याहून कमी पाहिलेल्या शिकाऊ निरीक्षकाला मी घरी पाठवलं असतं.

"पण ती जतन विभागात..." मी म्हणालो.

"तो तर पार मागच्या वर्षी बंद झाला. सगळ्यांना घरी पाठवलं. या एकट्या म्हणाल्या, खालच्या स्वयंपाकघरात जागा आहे ना, मग द्या. पहिल्यांदा भांडी घासली त्यांनी. मॅनेजरला अजून माहीत नाही तुम्ही कोण ते. दोन दिवस बोलणी खातायत, पण सांगत नाहीत. सांगितलं तर तो येऊन तुमच्याशी बोलेल आणि तुम्हाला कळेल, म्हणून."

मॅनेजर आलाच. टाय सरळ करत म्हणाला, "साहेब, आज कसं आहे?"

मला लाज वाटली. फार वाटली. त्याच वेळी पोटात कुठेतरी इतकं बरं वाटत होतं की ते लाजेच्या आड राहीना.

"मीठ बरोबर आहे," मी म्हणालो. "मागच्या दोन्ही वेळी माझ्या जिभेचा दोष होता. आजारी माणूस आहे मी. तसं वर कळवायचं असेल तर माझ्या नावाने कळवा."

तो इतका खूश झाला की केकचा तुकडा फुकट आणून ठेवला. मी तो पहारेकरणीला दिला आणि अळणी सूप शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. खिडकीकडे पुन्हा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते जमलं नसतं.

संध्याकाळी ठमी आली. दारातच उभी, पिशवी खांद्यावर.

"आज कुठे गेला होतात बाबा?"

"मोठ्या संग्रहालयात."

"जेवलात?"

"जेवलो."

तिने पिशवी खांद्यावरून उतरवली. मग विचारलं, "मीठ?"

"डॉक्टर म्हणतात तेवढं."

ती खाली बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरून. "कुणी सांगितलं?"

"खुर्चीवाल्या बाईंनी."

"मी सांगणार होते."

"कधी?"

"तुम्ही राहायचं ठरवलंत की."

"आणि नसतं ठरवलं तर?"

"तर कशाला सांगायचं? तिकडे एकटे बसून जिवाला लावून घेतलं असतंत, लेक भांड्यांमागे उभी राहते म्हणून."

मी काय बोलायला हवं होतं ते मला आत्ता, लिहिताना, सुचतंय. तेव्हा मात्र सवयीचं तेच तोंडून निघालं. "तुमच्याकडे हात पुसायचं आणि ताटल्या पुसायचं फडकं एकाच खुंटीवर टांगलंय. मला खिडकीतून दिसलं. ते वेगळं करा."

तिने वर पाहिलं. डोळे भरलेले. "ही तक्रार आहे?"

"सूचना."

ती जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडली, मग बूट काढून पाय सोफ्यावर घेऊन लहानपणीसारखी बसली, आणि त्या स्वयंपाकघरातलं सगळं सांगत सुटली. कुठली चूल नीट पेटत नाही, कोण मुलगी उशिरा येते, मॅनेजर दुधाला का घाबरतो. मी विचारत गेलो. आमचं इतकं बोलणं तिच्या आईच्या माघारी पहिल्यांदाच झालं.

साडूंना फोन केला. म्हटलं, फ्लॅट मुलाला द्या. त्यांनी विचारलं, मग लेकीच्या हातच्या अळणीचं काय? म्हटलं, सवय होतेय.

आता आजची नोंद.

मोठं संग्रहालय, तळघरातलं उपाहारगृह, टेबल तीन. स्वच्छता उत्तम, फडक्यांचं सोडून. मीठ नाही.

पुन्हा जेवीन का? रोज.